तोकी परत आला, पोरे परत आली नाहीत

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या जानेवारीत मी जपानला जाऊन आलो हे कळल्यापासून जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. तिथली रेल्वे किती पळते, आणि तिथला शेतकरी एकरी किती पिकवतो? रेल्वे फार पळते. भातही आपल्यापेक्षा पुष्कळ पिकतो. झाले, दोन्ही उत्तरे दिली. आज मला सांगायचे आहे ते एका पक्ष्याबद्दल आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हिशोबाबद्दल. तुम्ही म्हणाल, कापसाला भाव नाही आणि हा पाखरांच्या गोष्टी सांगतो. थोडा वेळ ऐकून घ्या. गोष्ट शेवटी आपल्याच बांधावर येते.

निगाता नावाच्या शहरात शेतकऱ्यांची एक छोटी बैठक होती, तिचे बोलावणे होते. बैठक दोन दिवसांत संपली आणि परतीच्या तिकिटाला पाच दिवस उरले. शहरात राहणे परवडणारे नव्हते. पुण्यात जपानी शिकलेला एक मुलगा तिथे नोकरीला आहे, तो म्हणाला, "सर, समोर सादो बेट आहे. तिथे चला. शेतकऱ्याच्या घरातच राहू."

बोटीने अडीच तास लागले. हिवाळ्यात तो समुद्र खवळलेला असतो, बोट कधी सुटते, कधी रद्द होते. आमची सुटली, पण माझ्या पोटात काही राहिले नाही. सादो म्हणजे 855 चौरस किलोमीटरचे बेट. आपला एखादा तालुका समुद्रात नेऊन ठेवावा एवढे. उत्तरेला एक डोंगररांग, दक्षिणेला एक, आणि मधल्या सपाट पट्ट्यात भाताची खाचरे. भंडारा-गोंदियाकडे ज्यांना बांध्या म्हणतात, ती. सोन्याची मोठी खाण होती, 1601 साली सुरू झालेली, ती 1989 साली बंद पडली. पूर्वी राज्यकर्त्यांची मर्जी गेलेल्या माणसांना हद्दपार करून या बेटावर पाठवत. आता उलटे आहे. माणसे आपण होऊन बेट सोडून जातात. 1950 च्या सुमारास इथे सव्वा लाख वस्ती होती. 2020 साली ती एक्कावन्न हजारांवर आली.

आम्ही उतरलो ते घर एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या शेतकऱ्याचे. घरात तो आणि त्याची बायको. शेती साडेसात एकर, सगळा भात. दाराशी ओळीने दोऱ्या टांगलेल्या आणि दोऱ्यांना सोललेली नारिंगी फळे वाळत घातलेली. टोमॅटोएवढे फळ, परसिमन म्हणतात, तिथे त्याला काकी म्हणतात. मी 'काकी' शब्द ऐकून आजीबाईंकडे पाहिले. त्या मुलाने समजावून सांगितले तेव्हा म्हातारा-म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग ओळख व्हायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा शेत दाखवायला घेऊन गेले. वारा असा की कान जागेवर आहेत का, हे हात लावून पाहावे. कापणी होऊन तीन महिने झालेले आणि तरी त्यांच्या दोन खाचरांत घोटाभर पाणी साठवलेले. मी कृषीचा पदवीधर. लगेच विचारले, पीक नाही तर पाणी कशाला? आजोबांनी बोट ओठांवर ठेवले आणि समोर दाखवले.

सात पक्षी होते. कोंबडीपेक्षा मोठे, अंग पांढरे, तोंड लालभडक, चोच लांब आणि खाली वाकलेली. आपल्याकडे ओल्या रानात कुदळ्या दिसतो, काही भागात शराटी म्हणतात, त्याच्याच कुळातला. पायाने चिखल चाचपत, चोच खुपसत चालले होते. आमच्या येण्याने एक उडाला आणि त्याच्या पंखांची आतली बाजू दिसली. फिकट गुलाबी-नारिंगी. जपानी भाषेत त्या रंगालाच या पक्ष्याचे नाव आहे. हा तोकी.

आता याची हकीकत ऐका. एके काळी तोकी जपानभर होता, आणि शेतकऱ्याला तो मुळीच आवडत नसे. लावणी झाली की हा वाफ्यात उतरायचा आणि रोपे तुडवायचा. निगाताकडच्या गावांत जानेवारीच्या मध्यावर पोरे पाखरे हाकलण्याची गाणी म्हणत, त्यात नको असलेल्या पाखरांमध्ये तोकीचे नाव असे. तुमच्या लक्षात आले असेल. आपणही जानेवारीतच ज्वारीच्या मचाणावर गोफण घेऊन बसायचो आणि भोरड्यांच्या थव्यांना शिव्या घालायचो. शेतकरी कुठलाही असो, दाणा खाणाऱ्याशी त्याचे पटत नाही.

मग बंदुका आल्या, पिसांचा व्यापार आला, तोकी मारला गेला. डोंगरातली झाडे तुटली. दुसऱ्या महायुद्धानंतर भातावर विषारी औषधे आली, खाचरांतले मासे, बेडूक, किडे मेले आणि उरलेल्या तोकीचे खाणे संपले. 1981 साली साऱ्या जपानात रानात पाच तोकी उरले होते, पाचही या सादो बेटावर. सरकारने ते पाचही पकडून पिंजऱ्यात ठेवले, वंश वाढावा म्हणून. वाढला नाही. जपानच्या मूळ वंशातला शेवटचा तोकी 2003 साली म्हातारपणी मेला.

योग असा की त्याच 1981 साली चीनच्या एका डोंगराळ भागात सात तोकी सापडले होते. त्यांचा वंश तिथे वाढला. 1999 साली चीनने त्यातली एक जोडी जपानला भेट दिली आणि त्याच वर्षी सादोत पहिले पिल्लू जन्मले. 2008 च्या सप्टेंबरात दहा पक्षी मोकळे सोडले. आज बेटावर पाचशेच्या वर तोकी रानात आहेत.

पिंजऱ्यातून पक्षी सोडणे हे सरकारचे काम झाले. पण सोडलेल्या पक्ष्याने खायचे काय? ते शेतकऱ्याच्या खाचरात. इथून पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे.

2004 साली सादोला वादळाने झोडपले. समुद्राचा खारा वारा उभ्या भातात शिरला आणि पीक बुडाले. शहरातल्या दुकानांत सादोच्या तांदळाची जागा दुसऱ्या तांदळाने घेतली. पुढच्या वर्षी पीक आले, पण गेलेली जागा परत मिळेना. तांदूळ पडून राहिला. पाखरावर दया आली म्हणून सादोचा शेतकरी औषध कमी करायला तयार झाला, असे कुणी सांगितले तर खरे मानू नका. आजोबा मला सरळ म्हणाले, "तांदूळ विकला जात नव्हता. विकायला काहीतरी हवे होते. तोकी होता."

तर 2008 साली तिथल्या नगरपालिकेने आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने मिळून तोकीच्या नावाचा शिक्का काढला. ज्याला तांदळावर तो शिक्का हवा त्याने काय करायचे? नेहमीच्या मानाने औषध आणि रासायनिक खत निम्मे. बांधावर तणनाशक नाही. खाचराच्या कडेने खोल चर ठेवायचा, म्हणजे खाचर कोरडे केले तरी बेडूक-मासे चरात जगतील. नाहीतर हिवाळ्यात खाचरात पाणी ठेवायचे, नाहीतर पाटातून खाचरात मासे चढतील अशी वाट करायची. यातले जे जमेल ते. आणि वर्षातून दोनदा आपल्या शेतात जाऊन कोणते जीव किती आहेत, ते मोजून लिहायचे. मोजणी शेतकऱ्याने स्वतः करायची.

शिक्क्याच्या तांदळाला ग्राहक जास्त पैसे मोजतो. विकलेल्या दर किलोमागे एक येन तोकीच्या निधीत जातो. पहिल्या वर्षी अडीचशेच्या आसपास शेतकरी आले, चार वर्षांत ते साडेसहाशेच्या पुढे गेले. 2011 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने सादोच्या शेतीला जागतिक वारशाचा मान दिला.

इथपर्यंतचे भाषण कुठल्याही सरकारी सभेत चालेल. टाळ्याही पडतील. पण त्या रात्री आजोबांच्या घरी जे झाले ते सांगितल्याशिवाय हे भाषण खरे होणार नाही.

तिकडे हिवाळ्यात घरात एक ठेंगणे मेज असते, खाली शेगडी, वर रजई. सगळे रजईत पाय घालून बसतात. जेवण झाले, चहा आला. मी वही काढली आणि म्हणालो, "आजोबा, हिशोब सांगा." ते आजीबाईंकडे बघून हसले. हिशोब तिकडेही बाईच ठेवते.

आजीबाई म्हणाल्या, "तणनाशक नाही, म्हणून उन्हाळ्यात बांधाचे गवत चार-पाच वेळा यंत्राने कापावे लागते. यंत्र खांद्याला अडकवून मीच चालवते. जास्तीचा भाव मिळतो त्यातून पेट्रोल निघते, यंत्राची दुरुस्ती निघते. माझी पाठ निघत नाही."

त्या मुलाने हे वाक्य मराठीत सांगितले आणि थांबला. मीही लिहायचे थांबलो. आपल्या घरच्या निंदणीचा हिशोब आपण कधी धरला होता?

मग आजोबांनी भावाचे सांगितले. 1990 च्या सुमारास 60 किलो तांदळाला 20 हजार येनच्या वर भाव होता. 2014 साली तो 12 हजारांवर आला. चोवीस वर्षांत यंत्र महागले, खत महागले आणि माल स्वस्त झाला. सरकारचे म्हणणे असे की तांदूळ जास्त होतो. 1970 पासून तिथल्या सरकारने शेतकऱ्याला भात कमी लावायचे पैसे दिले. हा कारभार 2018 पर्यंत चालला. अनुदान होते, परदेशी तांदळावर मोठी जकात होती, सगळे होते. आपल्याला वाटते, एवढे मिळाले तर आपली पोरे शेतीत राहतील. आजोबांना मुलगा आहे. तो तोक्योजवळ कारखान्यात आहे. वर्षातून दोनदा येतो. शेती करणार नाही, असे त्याने वीस वर्षांपूर्वीच सांगितले.

2020 च्या तिथल्या शेतीगणनेत मुख्यतः शेतीवर राबणाऱ्या माणसाचे सरासरी वय 67.8 वर्षे निघाले. सरासरी! आजोबांच्या गल्लीत आठ घरे. रात्री मी बाहेर येऊन पाहिले, तीनच घरांत दिवा होता. शिक्क्याच्या तांदळाचे शेतकरीही आता कमी होत आहेत. शिक्का वाईट म्हणून नव्हे, म्हातारे थकले म्हणून. पक्षी वाढले आणि त्यांच्यासाठी पाणी धरणारे हात कमी झाले.

मी म्हटले, 2025 साली तर तुमच्याकडे तांदूळ खूप महागला होता. आजोबा मान हलवत राहिले. त्या वर्षीच्या मे महिन्यात 5 किलोच्या पिशवीचा दर चार हजार येनच्या वर गेला होता, आदल्या वर्षीच्या दुप्पट. शहरात ओरड झाली. सरकारने गोदामातला साठा काढला आणि दोन हजारांच्या आसपास दुकानांत विकायला लावला. आजोबा म्हणाले, "भाव वीस वर्षे खाली होता तेव्हा दूरदर्शनवाला माझ्या दारात आला नाही. भाव चढला तसा रोज यायला लागला."

मंडळी, मला क्षणभर वाटले मी हिंगणघाटच्या बाजारात उभा आहे. 2010 साली आणि पुन्हा 2012 साली कापसाला जरा भाव आला, तर दिल्लीने निर्यात अडवली. कांद्याचे तर विचारूच नका.

आणि मग आजोबांनी मला एक प्रश्न विचारला. "तुमच्या रानात आधी कोणते पक्षी होते?"

मला उत्तर देता आले नाही. मी चार वर्षे कृषी महाविद्यालयात शिकलो. मला किडींची इंग्रजी आणि लॅटिन नावे पाठ होती, कोणत्या किडीला किती मिली औषध ते पाठ होते. पुढे चार वर्षे एका औषध कंपनीत नोकरी केली. गावोगाव फिरून चिठ्ठ्या लिहिल्या. माझ्या चिठ्ठीवर तीन औषधे एकत्र करून फवारणाऱ्या एका गड्याला चक्कर आली, तोंडाला फेस आला, दवाखान्यात न्यावे लागले. तो वाचला. मी त्या दिवशी नोकरी सोडली असे सांगायला बरे वाटले असते. पण दीड वर्षाने सोडली, घराचे हप्ते होते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा मला त्या गड्याचे तोंड आठवत होते. हे मी आजोबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. आजीबाईंनी माझ्या पेल्यात चहा ओतला.

रात्री अंथरुणात आठवले. आपल्याकडेही एक पक्षी होता, माळढोक. ज्वारीच्या, गवताच्या माळाचा. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर. म्हणजे दहा सादो बेटे! त्यात गावे होती, शेते होती, माणसे होती. जमिनीच्या व्यवहाराला आणि बांधकामाला परवानगीचे लचांड लागले. तीन दशकांनी ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. तो एकाच कारणाने गेला असे मी म्हणत नाही. माळ मोडले, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. पण एवढे खरे की सादोत पक्षी शेतात उतरला तेव्हा शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले, आणि आपल्याकडे पक्षी दिसला तर आपली जमीन अडकेल, ही धास्ती बसली. ज्या पाखरामुळे घरात धास्ती येते त्याला कोण सांभाळील?

आता शेवटचे. सादोचे जसेच्या तसे इथे करा, असे सांगायला मी उभा नाही. त्यांच्याकडे डोंगराचे पाणी बारमाही आहे, आपल्याकडे आभाळाकडे बघणे आहे. बोंडअळी त्यांच्याकडे नाही. उद्यापासून फवारणी निम्मी करा, असे व्यासपीठावरून सांगणे हा अडाणीपणा होईल, आणि तसले सल्ले मी पोटासाठी एकदा देऊन बसलो आहे.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. ती म्हणजे शेतकऱ्याची स्वतःची मोजणी. त्या आजीबाईंच्या वहीत सोळा वर्षांचे सगळे लिहिलेले आहे. किती वेळा फवारले, किती वेळा गवत कापले, किती तास लागले, खाचरात किती बेडूक, किती मासे. त्यामुळे सहकारी संस्थेच्या माणसासमोर त्या बोलतात तेव्हा तो ऐकतो. शिक्क्याचा भाव ठरवताना पाठीचा हिशोब धरला नाही, हेही त्या वही उघडून दाखवतात.

आपल्या गावांतही आता कागद घेऊन माणसे यायला लागली आहेत. कुणी सेंद्रिय कापसाचा करार आणतो, कुणी जमिनीतल्या कार्बनचे पैसे देतो म्हणतो. त्यातले काही खरे असेल, काही खोटे असेल. जगाला आता शेतकऱ्याकडून धान्य-कापसाखेरीज आणखी काही हवे आहे. स्वच्छ पाणी हवे, पाखरे हवीत, चांगली हवा हवी. देऊ की! पण त्याचा उत्पादन खर्च कोण मोजणार? आपण मोजला नाही तर कागद आणणारा मोजेल, आणि तो आपल्या घरच्या बाईच्या निंदणीची किंमत शून्य धरील. आजवर सगळ्यांनी तेच केले आहे.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. येत्या मृगापासून प्रत्येक गावात निदान दहा शेतांची वही सुरू करा. फवारणी कोणती, कधी, कितीची. मजुरी किती, घरच्या माणसांचे तास किती, बायकांचे वेगळे लिहा. आणि शेवटच्या रकान्यात महिन्यातून एकदा, रानात काय दिसले ते. मित्रकिडा, पाखरू, गांडूळ, काहीही. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या पोरा-पोरींना द्या. शेती तोट्याची आहे हे त्यांना आपण रोज तोंडाने सांगतोच. निदान किती तोट्याची आणि कुणामुळे, हे त्यांना आकड्यांत कळू द्या. दिवाळीनंतरच्या बैठकीला वह्या घेऊन या. जिल्ह्याचा हिशोब एकत्र मांडू, आणि त्याच्या आधी कुणीही कुठल्याही करारावर अंगठा देऊ नका.

निघायच्या दिवशी समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली. एक दिवस आणखी राहिलो. आजोबांच्या बरोबर पाटातला गाळ काढला. त्यांना बरे वाटले, मला पाठ आहे हे कळले. निघताना आजीबाईंनी वाळलेल्या काकीची पुडी हातात दिली आणि त्या मुलाला काही सांगितले. त्याने मराठी केले: "तोकीला आम्ही परत आणले, असे लोक म्हणतात. पोरांना परत आणायची रीत तुमच्याकडे कुणाला सापडली, तर आम्हाला कळवा."

मी होकार देऊन आलो आहे. काय कळवायचे ते आपण ठरवायचे आहे.

एवढे बोलून मी थांबतो.